परक्या ओसरीवर : इंगल्सांचें बिऱ्हाड

दिवाळीच्या सुटींत पुण्याची नात असोद्यास आली होती. तिच्या सामानांत एक इंग्रजी पुस्तक होतें. रात्रीं जेवणें आटोपलीं, कीं ती तें वाचून दाखवी, मी मराठींत सांगें, आणि आमच्या सासूबाई माजघरांतल्या पलंगावर पडल्या पडल्या ऐकत. त्यांचें वय आतां नव्वदीस टेकलें आहे. ऐकूं कमी येतें. परंतु सांगणारानें मधला एखादा तुकडा गाळला, तर तो त्यांना बरोबर समजतो. चौथ्या रात्रीं त्या म्हणाल्या, “अगं, ह्या माणसाचं बिऱ्हाड किती वेळां हलायचं? आणि बायको कांहींच बोलत नाहीं का?”

हा प्रश्न मनांत घोळत राहिला. आणि ह्या महिन्यांत कोणाच्या ओसरीवर जाऊन बसावें, हें निराळें शोधावें लागलें नाहीं.

पुस्तकाची लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डर. अमेरिकेच्या माळरानावर प्रथम वस्ती करण्यास निघालेल्या एका शेतकऱ्याची ही दुसरी मुलगी. आपल्या बाळपणाच्या हकीकती तिनें उतारवयांत लिहिल्या, आणि त्या तिकडील मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनीं वाचल्या. तथापि पुस्तकांतलें इंगल्स कुटुंब आणि कागदपत्रांतलें इंगल्स कुटुंब हीं अगदीं एक नव्हेत. पुस्तकांत मुलांना सोसेल तेवढेंच आहे. आपण वडील माणसें आहोंत. तेव्हां आपण दुसऱ्या कुटुंबाची ओळख करून घेऊं.

कुटुंबाचा कर्ता चार्लस फिलिप इंगल्स. जन्म १० जानेवारी १८३६, न्यूयॉर्क संस्थानांतला. उत्तम फिडल वाजविणारा, शिकारींत तरबेज, कुऱ्हाड हातीं दिली तर चार आठवड्यांत घर उभें करणारा, मुलींवर जीव टाकणारा. परंतु पायाला भिंगरी. शेजाऱ्याच्या धुराड्याचा धूर दिसूं लागला, कीं त्याला रान दाट वस्तीचें वाटूं लागे. असा मुलगा सांगून आला असता, तर आमची वडीलमंडळी पत्रिका जुळत नाहीं असें कळवून मोकळी झाली असती. कॅरोलाइन क्विनर हिनें मात्र १ फेब्रुवारी १८६० रोजीं त्याच्याशीं लग्न केलें. ती विस्कॉन्सिनांत १८३९ सालीं जन्मलेली. ती लहान असतांनाच तिचे वडील मिशिगन सरोवरांत गलबत बुडून वारले होते. आईनें मुलें कष्टानें वाढविलीं, आणि लग्नापूर्वीं ही मुलगी शाळेंत शिकवीत असे. पोरक्या घराची मुलगी आणि भटका नवरा! थोरली मेरी १८६५ सालीं झाली. लॉरा ७ फेब्रुवारी १८६७ रोजीं विस्कॉन्सिनांत पेपिन गांवाजवळच्या जंगलांतल्या ओंडक्यांच्या घरांत जन्मली.

त्या काळीं अमेरिकेंत जमिनीचें एक वेडच संचरलें होतें. १८६२ सालीं अध्यक्ष लिंकन यांच्या सहीनें एक कायदा झाला. त्यान्वयें एकवीस वर्षांच्या कोणाही माणसास अथवा कुटुंबप्रमुखास किरकोळ फी भरून सरकारी जमिनीपैकीं एकशेंसाठ एकर मागतां येत. तेथें पांच वर्षें राहून ती कसली, कीं ती त्याची. एकशेंसाठ एकर! आमच्या असोद्याच्या काळ्या रानांत ज्याच्या नांवावर वीस एकर आहेत, त्याला लोक मोठा शेतकरी म्हणून ओळखतात. दोन भाऊ वाटण्या करितात, तेव्हां बांधाच्या एका हातासाठीं कोर्टाच्या पायऱ्या झिजतात. अशा ठिकाणीं बसून त्या आंकड्याचा अंदाज करणें सोपें नाहीं. सासूबाईंनीं तो ऐकून एवढेंच विचारलें, “मग त्यांच्या आधीं तिथं कोण होतं?”

ह्या प्रश्नाचें उत्तर इंगल्सांच्या पुढच्याच मुक्कामांत आहे. चार्लसनें घर विकलें, बायको व दोन मुली छत घातलेल्या गाडींत बसविल्या, आणि १८६९ सालीं तो कॅन्ससच्या गवताळ माळावर इंडिपेंडन्स गांवाजवळ येऊन राहिला. ती जमीन ओसेज नांवाच्या मूळच्या रहिवाशांसाठीं राखलेली होती. वस्तीसाठीं ती अजून खुली झालेली नव्हती. तरीही शेंकडों गोरीं कुटुंबें तींत घुसून घरें बांधूं लागलीं होतीं, आणि इंगल्स त्यांतलेंच एक. १८७० सालीं वॉशिंग्टनच्या विधिमंडळानें ठराव करून ओसेजांची ती जमीन विकावयास काढली व त्यांना दक्षिणेकडे हलविण्याचें ठरविलें. लॉराला त्या वेळीं तिसरें-चौथें वर्ष होतें. तिला पुढें आठवलें तें हें, कीं घोड्यांवर बसलेल्या बायका-मुलांची लांबच लांब रांग घरासमोरून गेली. ती रांग कोठें चालली होती, आणि आपलें घर कोणाच्या जमिनीवर उभें होतें, हें समजण्याचें तें वय नव्हतें. तें समजण्याचें वय तिच्या वडिलांचें होतें.

चार्लस दुष्ट होता, असें मला म्हणावयाचें नाहीं. तो गरीब होता, आणि मोफत जमिनीची हांक त्याच्या कानीं पडली होती. पण गरीब माणसाच्या हातूनही दुसऱ्याचें घर उठतें. आम्हां खानदेशांतल्या लोकांना ह्यांत नवलाचें कांहीं नाहीं. १८१८ नंतर इंग्रजांचा अंमल येथें बसला, तेव्हां सातपुड्याच्या व अजिंठ्याच्या डोंगरांतल्या भिल्लांस त्यांनीं कागदोपत्रीं लुटारू ठरविलें. १८२५ सालीं औट्रॅम साहेबानें धरणगांवास भिल्लांची पलटण उभारली, आणि त्याच्या शौर्याच्या कथा पुढें शाळेच्या पुस्तकांत आल्या. डोंगर कोणाचे होते, हा धडा त्या पुस्तकांत नव्हता.

कॅन्ससच्या त्या घरांत सारीं माणसें हिंवतापानें एकदम आडवीं झालीं होतीं. पाणी द्यावयासही कोणी उठूं शकेना. तेव्हां त्यांना औषध देणारा डॉ. जॉर्ज टॅन हा कृष्णवर्णी वैद्य होता. गुलामगिरी जाऊन त्या देशांत तेव्हां पुरतीं पांच वर्षेंही झालीं नव्हतीं. हा माणूस पुस्तकांतही आला आहे, ही समाधानाची गोष्ट. तिसरी मुलगी कॅरी हिचा जन्म त्याच माळावर ऑगस्ट १८७० मध्यें झाला. पुढें विस्कॉन्सिनचें घर घेणाराला पैसे फेडतां येईनात; तेव्हां १८७१ सालीं सगळें बिऱ्हाड आल्या वाटेनें परत गेलें. नांगरलेली जमीन, खणलेली विहीर, काचेच्या खिडक्या, सर्व तेथेंच राहिलें.

१८७४ सालीं पुन्हां गाडी जुंपली. ह्या वेळीं मिनेसोटा संस्थान. ओढ्याच्या दरडींत कोरलेलें, गवताच्या छपराचें घर. छपरावरून बैल चालला तर पाय खालीं यावयाचा. गव्हाचें पीक डोलूं लागलें, कर्जानें नव्या घराचीं लांकडें आणलीं, आणि टोळधाड आली. आपल्याकडे टोळांची आठवण सांगणारीं म्हातारीं माणसें अजून आढळतात, त्यांना हें वर्णन नवें वाटणार नाहीं. आकाश झांकोळलें, आणि थोड्या दिवसांत हिरवें म्हणून कांहीं उरलें नाहीं. जातांना टोळांनीं जमिनींत अंडीं घातलीं, म्हणून पुढचें वर्षही गेलें. चार्लस मजुरी शोधीत शेंकडों मैल पूर्वेकडे पायीं गेला, आणि दुसऱ्यांच्या कापण्या करून त्यानें घरीं पैसे धाडले. गंमत अशी, कीं टोळांची ती विशिष्ट जात पुढें नाहींशीच झाली. १९०२ नंतर ती जिवंत कोणाच्या दृष्टीस पडली नाहीं. चार्लसही १९०२ सालींच वारला.

आतां जें सांगतें, तें लॉराच्या त्या आठ पुस्तकांत नाहीं.

१ नोव्हेंबर १८७५ रोजीं ह्या घरांत मुलगा झाला. तीन मुलींच्या पाठीवर झालेला एकुलता मुलगा. त्याचें नांव चार्लस फ्रेडरिक. घरांत फ्रेडी म्हणत. मिनेसोटा सोडून आयोवाकडे जात असतां २७ ऑगस्ट १८७६ रोजीं तो वारला. पुरते दहा महिनेही झाले नव्हते. वाटेंतल्या नातलगांच्या गांवीं त्याला पुरून बिऱ्हाड पुढें गेलें. आयोवांतल्या बर ओक गांवीं हें कुटुंब एका खाणावळवजा हॉटेलच्या कामांत राबलें. नऊ-दहा वर्षांच्या लॉरानें ताटें धुतलीं. धाकटी ग्रेस तेथेंच १८७७ सालीं जन्मली. देणें वाढलें, भाडें थकलें, घरमालक थांबावयास तयार होईना. तेव्हां एका रात्रीं अंधारांत सामान गाडींत भरून चार्लसनें गांव सोडलें. मुलांसाठीं लिहिलेल्या गोष्टींत ‘पा’ हा कधीं कोणाचें देणें बुडवीत नाहीं. लॉरानें हीं दोन वर्षें सबंध गाळलीं. बापाची अब्रू लेकीनें राखली, असें म्हणावें, कीं आईच्या मांडीवरून गेलेल्या मुलाला लेकीनेंही जागा दिली नाहीं, असें म्हणावें? मीं हा तुकडा नातीकडून मोबाइलवर शोधवून सासूबाईंना वाचून दाखविला. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत.

१८७९ सालीं मेरीचे डोळे गेले. ती चौदा वर्षांची होती. पुस्तकांत कारण लोहितांग ज्वर असें दिलें आहे. २०१३ सालीं कांहीं डॉक्टरांनीं जुनीं पत्रें आणि वर्तमानपत्रें चाळून असा तर्क प्रसिद्ध केला, कीं तो मेंदूचा व त्याच्या आवरणाचा विषाणुजन्य दाह असावा. त्या दिवसापासून वडिलांनीं लॉराला सांगितलें, कीं तूं मेरीचे डोळे हो. गाडींतून दिसेल तें, गांवांत घडेल तें तिनें बहिणीला शब्दांनीं दाखवावयाचें. ‘रस्ता पांढरा आहे’ एवढ्यानें आंधळीचें भागत नाहीं. तो कोठें वळला, गवतांत कसा बुडाला, हें सांगावें लागतें. लॉराच्या लेखनाची शाळा ही होती, असें मला वाटतें. दुसऱ्या कोणत्याही शाळेंत ती फारशी गेली नाहीं.

त्याच वर्षीं चार्लसला नव्या लोहमार्गाच्या कामावर हिशेबनिसाची नोकरी लागली, आणि कुटुंब डकोटा प्रांतीं गेलें. १८८० सालीं आगगाडीच्या कडेला डे स्मेट हें गांव वसलें. चार्लसनें जवळच एकशेंसाठ एकर मागितले. त्याला त्याहीपुढें, ओरेगॉनपर्यंत जावयाचें होतें. येथें मात्र कॅरोलाइनबाई बोलल्या. मुलींना शाळा पाहिजे, आतां पुढें नाहीं, असें त्यांनीं नवऱ्याला सांगितलें; आणि तें बिऱ्हाड जें थांबलें तें थांबलें. सासूबाईंना हें ऐकवलें, तेव्हां त्यांनीं समाधानानें मान हलविली. “वीस वर्षं लागलीं म्हणायची,” त्या म्हणाल्या.

ह्याच १८८० सालच्या ऑगस्ट महिन्याच्या २४ तारखेस आमच्या ह्या असोद्यांत उखाजी महाजनांच्या घरीं भिमाईच्या पोटीं एक मुलगी जन्मली. तीन भाऊ, तीन बहिणी, घर शेतकऱ्याचें. ह्या मुलीचें नांव बहिणा. तेरा वर्षांची झाली तेव्हां तिचें लग्न जळगांवच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशीं झालें. असोद्याहून जळगांव दोन कोसांच्या सुमारास. पण सासुरवाशिणीच्या हिशेबीं दोन कोस आणि दोनशें कोस ह्यांत फरक तो काय!

असोद्याच्या पाळण्यांत ही मुलगी दोन महिन्यांचीही झाली नव्हती, तोंच डे स्मेटला ऑक्टोबरच्या मध्यास पहिलें हिमवादळ आलें. तिकडील लोक त्या हिंवाळ्याला ‘कठीण हिंवाळा’ म्हणूनच ओळखतात. वादळांमागून वादळें आलीं. रुळांवर बर्फाचे डोंगर सांचले. जानेवारींत आगगाडी बंद पडली ती मे १८८१ पर्यंत आली नाहीं. गांव आगगाडीच्याच भरंवशावर वसलेलें. कोळसा संपला, रॉकेल संपलें, पीठ संपलें. माळावर झाड नाहीं. म्हणून वाळलेलें गवत पिळून त्याच्या कांड्या करावयाच्या आणि चुलींत घालावयाच्या. एक कांडी जळे तोंवर दुसरी वळलेली पाहिजे. बियाण्याचे गहूं कसेबसे मिळाले. ते दळावयाचे कशांत? कॉफीच्या बिया भरडण्याच्या लहानशा हातयंत्रांत! घरांतल्या माणसांनीं आळीपाळीनें दिवसभर तें फिरवावें, तेव्हां रात्रींची पाव होई. लॉरा त्या हिंवाळ्यांत चौदा वर्षांची झाली.

ह्या ठिकाणीं सासूबाई उठून बसल्या. “जातं नव्हतं घरांत? अगं, बिऱ्हाड हलवतांना जातं नाहीं घेतलं?” मीं सांगितलें, कीं त्यांच्याकडे पीठ गिरणीचें, पिंपांतून विकत येई, जातें घरीं नसे. त्यांना तें पटेना. तिफण विसरावी पण जातें विसरूं नये, असें त्यांचें म्हणणें पडलें. आमच्या बाजूला जात्याला घरोट म्हणतात. पहाटेस घरोट फिरूं लागला, कीं ओवी आपोआप यावयाची. बहिणाबाईंना शाळा ठाऊक नव्हती. अक्षर हातीं लागलें नव्हतें. त्या बोलत ती आमच्या शेजारच्या गल्लींतली, लेवा घरांतली बोली. ज्या कांहीं ओव्या-गाणीं त्यांनीं रचलीं, तीं घरोटावर, चुलीपुढें, आणि कपाशीच्या व ज्वारीच्या वावरांत. चार्लसच्या फिडलवर जशी त्या घराची रात्र सरे, तशीच येथें बायकांची पहाट जात्यावर सरे. तें फिडल मिसूरी संस्थानांतल्या मॅन्सफील्डच्या संग्रहालयांत आजही ठेवलेलें आहे. जातें असें कांचेंत ठेवण्याची आपल्याला कधीं बुद्धि झाली नाहीं; आमच्या परसांत तें तुळशीच्या कट्ट्याला पायरी म्हणून बसविलें आहे. आणि हें मी सासूबाईंदेखत लिहूं शकत नाहीं, इतकी मला त्याची लाज वाटते.

लॉरा सोळा वर्षांचीही नव्हती, तेव्हां मास्तरीण होऊन घराबाहेर पडली. मेरीला आयोवांतल्या अंधशाळेंत ठेवली होती. तिच्या खर्चाला हातभार लावावयाचा, हें एक कारण. १८८५ सालीं आल्मांझो वाइल्डर ह्या शेतकऱ्याशीं तिचें लग्न झालें. १८८६ सालीं मुलगी रोझ झाली. मग चारच वर्षांत घटसर्पानें नवऱ्याचे पाय लुळे पडले, अवर्षणानें पिकें गेलीं, १८८९ च्या ऑगस्टांत नवजात मुलगा नांव ठेवण्यापूर्वींच गेला, आणि त्याच महिन्यांत घर जळालें. १८९४ सालीं तीं तिघें मिसूरींत आलीं, आणि नवराबायको तेथेंच शेवटपर्यंत राहिलीं.

बहिणाबाईंच्याही पाटीवर असेच आंकडे आहेत. १८९९–१९०० चा मोठा दुष्काळ खानदेशावर पडला, तेव्हां त्या एकोणीस-वीस वर्षांच्या. प्लेगच्या सांथींत मुलगा ओंकार यास कायमचें अपंगत्व आलें. तिसाव्या वर्षीं, म्हणजे १९१० च्या सुमारास, नथुजी वारले. ओंकार, सोपान आणि काशी हीं तीन मुलें, शेत, आणि विधवेचा जन्म. ह्या बाईनें त्यानंतर चाळीस वर्षें काढलीं आणि गाणें सोडलें नाहीं.

आतां मुख्य गोष्ट. दोघींचेंही आपल्या हातीं जें आलें, तें मुलांमुळें आलें.

लॉराबाई १९११ पासून शेतकऱ्यांच्या एका पाक्षिकांत सदर लिहीत. कोंबड्यांची निगा, लोणी, शेजारधर्म, असे विषय असत. आमच्या ह्या सदराची ती थोरली बहीणच म्हणावी. परंतु बाळपणाची हकीकत त्यांनीं लिहिली नव्हती. आई १९२४ सालीं गेली. मेरी १९२८ सालीं गेली. मग १९३० सालीं, त्रेसष्टाव्या वर्षीं, शाळकरी वह्यांत पेन्सिलीनें त्यांनीं सारें लिहून काढलें. १९२९ च्या शेअरबाजारांत सांठवलेले पैसे बुडाले होते, हेंही कारण होतेंच. अन्नाची चिंता पुष्कळ चांगल्या पुस्तकांची आई असते. रोझ तोंवर नांवाजलेली लेखिका झाली होती. तिनें तें हस्तलिखित प्रकाशकांना दाखविलें. कोणी घेतलें नाहीं. मग मायलेकींनीं मिळून त्याचीं मुलांचीं पुस्तकें केलीं. पहिलें १९३२ सालीं निघालें, आठवें १९४३ सालीं. रोझनें किती लिहिलें आणि आईनें किती, ह्यावर तिकडील विद्वान अजून भांडतात. मूळ वह्या मात्र २०१४ सालीं छापून निघाल्या. फ्रेडी, हॉटेल आणि रात्रींतून सोडलेलें गांव तेव्हां सर्वांस वाचावयास मिळालें.

इकडे सोपानदेव चौधरी हेही कवि झाले. आईच्या तोंडचीं गाणीं त्यांनीं आणि मावसबंधु पितांबर चौधरी यांनीं वेळोवेळीं टिपून ठेविलीं. ३ डिसेंबर १९५१ रोजीं बहिणाबाई जळगांवीं वारल्या. सोपानदेवांनीं ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली, आणि १९५२ सालीं अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झालीं. आपलें नांव पुस्तकावर छापलेलें बाईंनीं पाहिलें नाहीं. पाहिलें असतें तरी वाचतां आलें नसतें. जीं टिपलीं गेलीं नाहींत अशीं कितीतरी गाणीं त्यांच्याबरोबर गेलीं.

त्याच १९५२ सालीं अमेरिकेंतल्या एका वाचकानें इंगल्सांच्या प्रकाशकांना पत्र लिहिलें. कॅन्ससच्या पुस्तकांत एक वाक्य असें होतें, कीं त्यावरून तेथील मूळ रहिवासी हे ‘माणसें’ ह्या शब्दांत मोडत नाहींत, असा अर्थ निघे. सतरा वर्षें तें वाक्य असंख्य मुलांनीं वाचलें होतें आणि कोणास खटकलें नव्हतें. निदान छापणारांस तरी नव्हतें. लॉराबाईंना कळविलें, तेव्हां त्यांनीं आडपडदा न ठेवतां चूक कबूल केली, आणि १९५३ च्या आवृत्तींत शब्द बदलला. वय शहाऐशीं वर्षांचें. १९५७ सालीं त्या वारल्या. त्यांच्या नांवें बालवाङ्मयाचें एक मोठें पारितोषिक होतें; अमेरिकेंतल्या ग्रंथपालांच्या संस्थेनें २०१८ च्या जूनमध्यें त्यावरून त्यांचें नांव काढलें, कारण हेंच. त्याच २०१८ च्या ऑगस्टांत जळगांवच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचें नांव देण्यांत आलें. ज्या बाईला सही करतां येत नव्हती, तिच्या नांवानें आज खानदेशांतल्या पोरांना पदव्या मिळतात.

नांव काढलें तें बरें झालें कीं वाईट, ह्यावर आमच्या घरांत नातीशीं माझा वाद झाला. तिचें म्हणणें, पुस्तक वाचावें, पारितोषिक देऊं नये. माझें म्हणणें, ज्या बाईनें शहाऐशींव्या वर्षीं आपला शब्द मागें घेतला, तिला थोडें अधिक सोसून घ्यावयास हवें होतें. ओसेजांच्या नातवंडांना काय वाटतें, हें आम्हां दोघींपैकीं कोणासही विचारतां येण्यासारखें नव्हतें. म्हणून वाद तेथेंच थांबविला.

दुसरी एक गोष्ट मला टोंचली. आमच्या घरांत लिहिणें-वाचणें चार-पांच पिढ्यांचें आहे. माळ्यावरची पेटी उघडली, तर देण्याघेण्याच्या वह्या आहेत, श्राद्धतिथींचीं टिपणें आहेत, पंचांगें आहेत, जमिनीचे कज्जे आहेत. ह्या घरांतल्या बायका काय बोलल्या, काय म्हणाल्या, ह्याची त्यांत एक ओळ नाहीं. अक्षर आमच्या वाड्यांत होतें, आणि टिपून ठेवण्याची बुद्धि दुसऱ्या घरच्या मुलाला झाली. चार्लस इंगल्सला चार मुली वाढल्या. परंतु आज त्याच्या वंशांत एकही माणूस उरलेला नाहीं. मेरी अविवाहित राहिली, कॅरी आणि ग्रेस यांना स्वतःचें मूल झालें नाहीं, आणि १९६८ सालीं रोझ गेली तेव्हां तो वेल संपला. तरी त्या घरांत कोणत्या हिंवाळ्यांत काय शिजलें, हें मला असोद्यास बसून ठाऊक आहे. आणि सासूबाई १९५३ च्या सुमारास लग्न होऊन ह्या घरांत आल्या, तेव्हां चूल कोणत्या बाजूला होती, हें मीं त्यांना परवापर्यंत विचारलें नव्हतें.

नात पुण्यास परत जावयाच्या आदल्या रात्रीं आम्हीं वांग्यांचें भरीत केलें. असोद्याचीं वांगीं, पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजलेलीं. त्यांतली मिरची आणि शेंगदाणे दोन्ही मूळचीं अमेरिकेकडचीं, हें सांगून मीं पंक्तींत थोडा भाव खाल्ला. जेवण झाल्यावर सासूबाईंनीं विचारलें, “त्या मुलाचं नांव काय म्हणालीस? वाटेंत गेला तो.”

“फ्रेडी,” मीं सांगितलें.

“बघ, नांव राहिलं,” त्या म्हणाल्या. आणि मग, भिंतीकडे तोंड करून, माझ्या यजमानांच्या आधीं ह्या घरांत सात महिन्यांचा होऊन गेलेला एक मुलगा होता, असें त्यांनीं सांगितलें. मी ह्या घरांत येऊन सत्तेचाळीस वर्षें झालीं. मला हें ठाऊक नव्हतें. यजमानांनाही नव्हतें. त्याचें नांवही त्यांनीं सांगितलें.

तें येथें देत नाहीं. नातीनें आपल्या शाळेच्या वहीचें मधलें पान काढून दिलें. त्यावर तारीख घालून तें लिहिलें, आणि पान माळ्यावरच्या पेटींत श्राद्धतिथींच्या टिपणांवर ठेविलें.